आधी कागद, मग फोन, मग फळा: चीनमध्ये इंग्रजी शिकवायला निघताना

शिज्याच्वांगला उतरले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. हातात शाळेचा पत्ता होता, नीट इंग्रजीत छापलेला. टॅक्सीवाल्यानं कागद दिव्याखाली धरला, उलटा करून पाहिला आणि हसून परत दिला. शेवटी स्टेशनबाहेर कणसं विकणाऱ्या एका मुलीनं कागदावरच्या नंबरावर फोन लावून दिला, म्हणून मी त्या रात्री गादीवर झोपले. तेव्हा पहिली सूचना हीच. शाळेचा आणि राहत्या जागेचा पत्ता चिनी अक्षरांत मागून घ्या. तो फोनमध्येही ठेवा आणि कागदावर खिशातही, कारण फोनची बॅटरी नेमकी अशाच वेळी दगा देते.

शिज्याच्वांग ही हपेइ प्रांताची राजधानी. बीजिंगहून वेगवान गाडीनं सव्वा-दीड तास लागतो. तिथे मी तीन वर्षं शिकवलं. पुढचं सगळं त्या अनुभवातून लिहितेय. शांघायसारख्या शहरात काही गोष्टी सोप्या असतील, लहान गावात अवघड, पण कामांचा क्रम सगळीकडे तोच. आणि चीनमध्ये क्रम चुकला की माणूस अडकतो.

पासपोर्ट कुठला, ते आधी बघा

भारतीय पासपोर्टवर इंग्रजीचा शिक्षक म्हणून कामाचा परवाना मिळणं फार अवघड आहे. एजंट हे शेवटपर्यंत सांगत नाहीत, म्हणून मी सुरुवातीलाच सांगते. नियमाप्रमाणे परदेशी भाषाशिक्षकानं स्वतःची मातृभाषा शिकवावी, त्याची पदवी त्या भाषेच्या देशातली असावी आणि भाषा शिकवण्याचा किमान दोन वर्षांचा अनुभव असावा. शिक्षणशास्त्राची किंवा भाषेची पदवी असेल तर अनुभवाच्या अटीत सूट मिळते. प्रत्यक्षात कचेरीत पाहिले जातात ते सात पासपोर्ट: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. आपण बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलो, घरात इंग्रजी पेपर येतो, हे टेबलापलीकडच्या माणसाला सांगून काही होत नाही.

माझा जन्म पुण्याचा, पासपोर्ट कॅनडाचा, पहिली पदवी पुण्याची आणि शिक्षणशास्त्राची टोरोंटोची. तरी कागद जुळायला सात महिने लागले. लंडन, मेलबर्न किंवा न्यू जर्सीत वाढलेली आपली मुलं असतील तर त्यांच्यासाठी वाट सरळ आहे. भारतीय पासपोर्ट असेल आणि हातात बी.एड. व अनुभव असेल, तर आंतरराष्ट्रीय शाळांत गणित, भौतिकशास्त्र किंवा संगणक इंग्रजीतून शिकवण्याच्या जागा शोधा. तिथे मातृभाषेची अट आडवी येत नाही.

‘आत्ता बिझनेस व्हिसावर या, पोचल्यावर बदलून देऊ,’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. कामासाठी लागतो तो झेड व्हिसा. विद्यार्थी किंवा बिझनेस व्हिसावर शिकवताना सापडलात तर ५,००० ते २०,००० युआन दंड होतो, प्रकरण गंभीर ठरलं तर ५ ते १५ दिवस कोठडी, आणि वर देशाबाहेर रवानगी होऊ शकते. एजंटाचं काही जात नाही.

आणखी एक कटू गोष्ट. पासपोर्ट योग्य असला तरी कातडीचा रंग काही पालकांना खुपतो. मला एका मुलाखतीत ‘तुम्ही खऱ्या कॅनडाच्या का?’ असं गोड आवाजात विचारलं होतं. मी हो म्हटलं, नोकरी दुसरीकडे घेतली.

कागदांची वारी

पदवीचं प्रमाणपत्र, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, अनुभवाची पत्रं आणि वैद्यकीय तपासणी हा मूळ संच. परदेशी कागद एकाच शिक्क्यावर खरे मानायचे, असा जो अपोस्टिलचा करार आहे, त्यात चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून आला. त्यामुळे कॅनडा किंवा ब्रिटनच्या कागदांवर आता एक शिक्का पुरतो. मात्र भारत आणि चीन यांच्यात हा करार लागू नाही. तेव्हा पुण्या-मुंबईच्या विद्यापीठाची पदवी असेल तर जुनी लांब वाट चालावी लागते: आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचं, मग चिनी वकिलातीचं. ‘अपोस्टिल करून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला या कामाचे पैसे देऊ नका.

हे कागद शाळेकडे गेले की ती कामाच्या परवान्याची सूचना काढून पाठवते. ती हाती आल्यावर झेड व्हिसा मागायचा, त्याआधी नाही.

करारात पगार किती हे सगळेच बघतात. मी म्हणेन, आधी चार वेगळ्या ओळी बघा. आकडा करापूर्वीचा की हातात पडणारा? तासिका किती, आणि तासिकांशिवाय शाळेत बसायचे तास किती? हिवाळी आणि उन्हाळी सुट्टीचा पगार मिळणार का? आणि नोकरी सोडल्यावर शाळा सुटकेचं पत्र किती दिवसांत देईल? इंग्रजी आणि चिनी मजकुरात फरक निघाला तर बहुतेक करारांत चिनी मजकूर खरा धरतात. म्हणून चिनी पानं ओळखीच्या कोणाकडून तरी वाचून घ्या.

शाळेच्या प्रकाराबद्दलही थोडं. जुलै २०२१ मध्ये सरकारनं शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक बंधनं आणली, आणि रस्तोरस्ती असलेले इंग्रजीचे क्लास धडाधड बंद झाले. जे उरले त्यांत काम संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी असतं. सरकारी शाळेत पगार कमी, तास कमी, सुट्ट्या भरपूर. पहिल्या वर्षी सरकारी शाळाच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

उतरल्यावरचे दहा दिवस

हॉटेलात राहिलात तर तुमची नोंद हॉटेल करतं. घरात उतरलात तर २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस चौकीत स्वतः नोंद करावी लागते. घर बदललं की पुन्हा नोंद. मिळालेला कागद जपा, पुढे प्रत्येक खिडकीवर तो मागतात.

मग सिमकार्ड. चायना मोबाइल, युनिकॉम किंवा टेलिकॉम यांच्या दुकानात पासपोर्ट दाखवून घ्यायचं. चिनी नंबर आल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही, म्हणून हे दुसऱ्याच दिवशी उरका. जुनं भारतीय सिम मात्र फेकू नका. तुमचं भारतातलं कार्ड वापरताना ओटीपी तिकडेच येणार. निघण्याआधी कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये चालू केलेत ना, तेही पाहा.

नंतर वीचॅट, म्हणजे तिथलं व्हॉट्सॲप आणि पैशाचं पाकीट एकत्र, आणि अलीपे, म्हणजे पैसे देण्याचं ॲप. भारतातून निघणाऱ्यांची इथे गंमत होते. वीचॅटवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे घरून ते फोनमध्ये भरून नेता येत नाही. पोचल्यावर उतरवायचं आणि नव्या नंबरावर खातं उघडायचं. बहुधा आधीपासून वीचॅटवर असलेल्या कोणाला तरी तुमची ओळख पटवावी लागते. शाळेतला सहकारी हे मिनिटात करतो. २०२३ पासून व्हिसा आणि मास्टरकार्डची परदेशी कार्डं या दोन्ही ॲपना जोडता येतात, म्हणजे बँक खातं होईपर्यंत भाजी घेता येते. यूपीआयची सवय असलेल्या माणसाला कोड दाखवून पैसे देणं शिकवावं लागत नाही. फक्त इथे वाढदिवसाची पाकिटंही फोनवरच येतात आणि शाळेच्या सूचनाही.

व्हॉट्सॲप, जीमेल, गूगल, यूट्यूब चीनमध्ये उघडत नाहीत. बाहेरच्या देशाचं रोमिंग असलेलं ईसिम घेतलंत तर त्यावर चालतात, कारण तो डेटा बाहेरच्या जाळ्यातून येतो. आईकडे आयफोन असेल तर फेसटाइम लागतो. महत्त्वाचे कागद जीमेलमध्ये अडकवून ठेवू नका. नकाशासाठी आम्ही काओत वापरायचो, टॅक्सीसाठी तीती, गाडीच्या तिकिटासाठी १२३०६. सगळीकडे पासपोर्टचा नंबर लागतो, तो पाठच होतो.

वैद्यकीय तपासणी अनेकदा तिथे पुन्हा करतात: रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी. उपाशीपोटी जा. झेड व्हिसावर आल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज व्हायला हवा. त्या काळात पासपोर्ट एक-दोन आठवडे पोलिसांकडे राहतो आणि हातात फक्त पावती असते. हा आठवडा सहलीसाठी ठेवू नका.

आता नावाचा घोळ. आपल्याकडे पासपोर्टात दिलेल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. बँकेतल्या बाईंनी माझं आडनाव आधी, मग दोन्ही नावं एकत्र, मध्ये जागा न सोडता भरली. सिमच्या दुकानात जागा सोडून भरली होती. वीचॅटला ही दोन माणसं वाटली आणि पगार आलेलं खातं मला तीन आठवडे फोनला जोडता आलं नाही. म्हणून पहिल्या ठिकाणी जसं नाव भरलं त्याचा फोटो काढा आणि पुढच्या प्रत्येक खिडकीवर तोच फोटो दाखवा. तसंच, अगदी रिकाम्या जागेसकट.

घर

शाळेनं खोली दिली तर पहिल्या वर्षी घ्या. स्वतः शोधायचं झालं तर ‘या यी फू सान’ हे शब्द ऐकू येतील: एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं एकदम. वर दलालाचे पैसे. हे सगळं पहिल्या पगाराच्या आधी द्यावं लागतं, म्हणून तेवढी गंगाजळी बरोबर आणा.

उत्तरेत सरकारी हीटिंग असतं, पण तारखेनं चालतं. आमच्याकडे १५ नोव्हेंबर ते १५ मार्च. नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच सगळ्यात वाईट: बाहेर थंडी, आत लोखंडी पाइप गार. छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदी यांच्या रेषेखाली हे हीटिंग नाही. वूहान किंवा छांगशाची नोकरी घेताना ‘दक्षिण आहे, उबदार असेल’ असं समजू नका. तिथली मुलं वर्गात जाकीट घालून बसतात.

नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. पिण्याचं गरम पाणी मात्र शाळेत, स्टेशनवर, गाडीच्या डब्यात, सगळीकडे फुकट मिळतं. एक थर्मास घ्या. ताप, पोटदुखी, परीक्षा, प्रेमभंग, कशावरही ‘गरम पाणी पी’ हाच पहिला सल्ला. विजेचा दाब २२० व्होल्ट, म्हणजे जवळजवळ आपल्याइतकाच आहे, पण आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही.

वर्ग

सरकारी शाळेतल्या परदेशी शिक्षकाला प्रत्येक वर्ग आठवड्यातून बहुधा एकदाच मिळतो. माझे १८ वर्ग होते, प्रत्येकात ४५ ते ५० मुलं. म्हणजे आठशेवर चेहरे, आणि एकच धडा आठवड्यात १८ वेळा. सोमवारी सकाळी तो कच्चा असतो, बुधवारी उत्तम जमतो आणि शुक्रवारी दुपारी तुम्हालाच तुमचा विनोद ऐकवत नाही. यावर उपाय म्हणून मी दर आठवड्याला दोन धडे तयार ठेवायचे आणि आलटून पालटून वापरायचे. नावं पाठ करायचा हट्ट सोडा. बाकांचा नकाशा काढून घ्या.

पहिल्या तासाला तुम्ही प्रश्न विचाराल आणि पन्नास मुलं खाली बघतील. त्यांना येत नाही असं नाही. सगळ्यांसमोर चुकायचं नसतं, एवढंच. आधी शेजाऱ्याशी बोलू द्या, मग दोघांचं उत्तर एकानं सांगू द्या. मोठ्यानं एकसुरात वाचायला सांगितलं तर हीच मुलं छप्पर उडवतात. ती ताकद वापरा, पण चाळीस मिनिटं नव्हे.

पानचांग म्हणजे वर्गाचा मॉनिटर. फळ्याशेजारच्या संगणकाचा पासवर्ड त्यालाच माहीत असतो. पानचूरन म्हणजे वर्गशिक्षिका. मुलांच्या आयुष्यावर तिची सत्ता आपल्या मुख्याध्यापकांपेक्षा मोठी. तक्रार करायची असेल तर मुलासमोर नको, तिच्याशी एकट्यानं बोला. आणि दंगा होतोय म्हणून तिला दारात उभं करू नका. तो तास शांत जाईल, पण पुढचे सगळे तास तुमचे राहणार नाहीत.

व्हिडिओ दाखवायचा असेल तर आधीच पेनड्राइव्हवर घ्या. संगणकावर बहुधा डब्ल्यूपीएस हे चिनी ऑफिस सॉफ्टवेअर असतं, त्यात तुमच्या स्लाइडचे देवनागरी काय आणि रोमन काय, सगळेच फॉन्ट नाचतात. घशासाठी ‘श्याओ मीफंग’ घ्या. शब्दशः छोटी मधमाशी: कमरेला स्पीकर, तोंडाशी माइक. मी पहिले दोन महिने ताठ्यात घेतला नाही, आणि ऑक्टोबरभर हळद-गुळण्या करत बसले.

तपासताना लाल पेन चालतं, पण मुलाचं नाव लाल शाईनं लिहू नका. ते अशुभ मानतात, त्याचा मृत्यूशी संबंध लावतात. आपल्याकडे नावाभोवती लाल गोल काढायची सवय, म्हणून मुद्दाम सांगते.

चुका ओळखीच्या होतील. ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ यांना चिनी बोलण्यात एकच शब्द, ‘था’. म्हणून मुलगी आईबद्दल बोलताना अर्ध्या वाक्यात तिला पुरुष करते. क्रियापदाला काळ नाही, नामाला अनेकवचन नाही. दिवा ‘उघडतात’, म्हणून इंग्रजीतही ‘ओपन द लाइट’. आणि आपल्या चुकाही बघा. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ आपल्या तोंडी बहुधा सारखेच येतात. एका सहावीतल्या मुलानं मला हे थांबवून विचारलं होतं. घरी आरशासमोर महिनाभर सराव केला.

वेळापत्रक कोणी आठवडाभर आधी सांगेल ही आशा सोडा. तुकडीच्या वीचॅट गटात रात्री नऊला सूचना येते. १ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी किंवा वसंतोत्सवाची, म्हणजे चिनी नववर्षाची, सुट्टी लांबवण्यासाठी पुढचा-मागचा रविवार कामाचा करतात, त्याला ‘थियाओश्यू’ म्हणतात. रविवारी शाळा, आणि त्यात गुरुवारचे तास. कॅलेंडरवर हे दिवस आधीच रंगवून ठेवा. ७ जूनला विद्यापीठ प्रवेशाची काओखाओ सुरू होते. तुमची शाळा केंद्र असेल तर तिथे सुट्टी. आणि सत्र संपत आलं की तुमच्या तासावर गणिताच्या बाई उभ्या असतील. भांडू नका. त्या बदल्यात पुढच्या सत्रात प्रोजेक्टरची चांगली खोली मिळते.

जेवणानंतर तासभर सगळी शाळा झोपते, मुलं बाकांवर, शिक्षक घडीच्या खाटांवर. या वेळेत फोन, दार, गप्पा, सगळं बंद. पुणेकराला हे समजावून सांगायला नको. १० सप्टेंबरला शिक्षक दिन, तेव्हा हस्तलिखित कार्डं घ्या. महाग भेट आली तर हसून परत करा, शाळांना ती चालत नाही.

जीभ

इथे मराठी माणसाला लॉटरी लागते. चिनीची रोमन लिपी फसवी आहे. तिथे बी लिहितात तो ‘प’ असतो आणि पी लिहितात तो ‘फ’, ओठ मिटून म्हटलेला. डी म्हणजे ‘त’, टी म्हणजे ‘थ’. जी म्हणजे ‘क’, के म्हणजे ‘ख’. इंग्रज सहकाऱ्यांना हा फरक महिनोन्‌महिने जमत नव्हता. आपण तो बाराखडीत शिकून आलेलो असतो. टी पाहून ‘त’ म्हणालात तर मात्र ससा म्हणायला जाल आणि पोट म्हणून बसाल: ‘थूच’ म्हणजे ससा, ‘तूच’ म्हणजे पोट.

आणखी मजा ‘च’ची. चमच्यातला च आणि चिंचेतला च, दोन्ही तिथे वेगवेगळे मोजतात. ‘चायचिएन’ म्हणजे पुन्हा भेटू: पहिला च चमच्याचा, दुसरा चिंचेचा. मी पहिल्याच दिवशी बरोबर म्हटलं आणि फाटकावरच्या आजोबांनी मला तिथलीच समजून लांबलचक काहीतरी सांगितलं. सूर मात्र शिकावेच लागतात, तिथे मराठी मदतीला येत नाही.

हे आजोबा पुढे मित्र झाले. मी मूळची भारताची कळल्यावर ते म्हणाले, ‘ख तीह्वा!’ मला अर्थ लागेना. ते म्हणजे आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये भारताच्या वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. त्यांचं स्मारक शिज्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. हपेइमधल्या जुन्या माणसांशी बोलण्याची याहून चांगली सुरुवात मला सापडली नाही.

जी सुरुवात करू नये तीही सांगते. तैवान, तिबेट, १९८९ चं थिआनआनमन चौकातलं आंदोलन, धर्मप्रचार, हे वर्गात नको. आणि नकाशा: भारताचा सीमांसकट नकाशा स्लाइडवर टाकू नका, सामानातही नेऊ नका. दोन्ही देशांत तो वेगळा छापतात आणि त्याचा निकाल तुमच्या तासाला लागणार नाही.

पोट

‘वो छ्र सू’ म्हणजे मी शाकाहारी आहे. हे म्हटल्यावरही फरसबीच्या भाजीत डुकराचा खिमा येईल, कारण तो चवीपुरता, म्हणजे त्यांच्या हिशेबी मांस नव्हेच. ‘रोउमो पू याओ’, खिमा नको, हे वेगळं सांगा. बिनधास्त मागवावं असं: तीसानश्येन, म्हणजे वांगं, बटाटा आणि ढोबळी मिरची, आंबट-तिखट बटाट्याचा कीस, टोमॅटो-अंडं. डुकराचं नको पण मांस चालतं, त्यांनी लानचौ नूडल्सची मुस्लिम दुकानं शोधावीत.

आलं, लसूण, कोथिंबीर, मिरच्या, शेंगदाणे, तीळ कोपऱ्यावर मिळतात. जिरं ‘चरान’ नावानं, चमच्याच्या चनं, कबाबवाल्याकडेही असतं. घरून हळद, हिंग, गोडा मसाला आणि पोहे आणा. मांस, दुधाचे पदार्थ, ताजी फळं-भाजी आणि बियाणं विमानतळावर काढून घेतात, त्यामुळे साजूक तुपाचा डबाही धोक्याचाच.

रस्ता आणि दवाखाना

वाहनं उजवीकडून चालतात. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. लाल दिव्यालाही उजवं वळण चालू असतं आणि बॅटरीच्या दुचाक्या आवाज न करता फुटपाथवरून येतात.

साध्या तापालाही लोक मोठ्या इस्पितळातच जातात. आधी खिडकीवर नोंदणी, तिला ‘क्वाहाओ’ म्हणतात, मग डॉक्टर, मग प्रत्येक तपासणीचे पैसे आधी. रोजची औषधं चिठ्ठीसकट घरून न्या. रुग्णवाहिका १२०, पोलीस ११०, आग ११९.

निघताना

नोकरी सोडायची तर ३० दिवस आधी लेखी कळवा. शाळेकडून दोन कागद घ्या: सुटकेचं पत्र आणि कामाचा परवाना रद्द झाल्याचा दाखला. हे दोन नसतील तर पुढची शाळा तुम्हाला घेऊ शकत नाही. साठलेला पगार बाहेर पाठवायला बँक करार आणि कर भरल्याचा पुरावा मागते, तो पुरावा करकचेरीतून आधी काढा. मी शेवटच्या आठवड्यात शहाणपणानं सिम बंद केलं, आणि मग बँकेनं पैसे पाठवण्याचा कोड त्याच नंबरावर टाकला. सिम सगळ्यात शेवटी बंद करा.